गोदाबाईच्या गवतातली पानं

अमरावती, रविवार ता. ८ एप्रिल १९३४

ऊन फार. ओट्यावरच्या कुंड्या सगळ्या आत पडवीत आणून ठेवल्या, नाहीतर जळतील. कण्हेरीच्या दोन्ही सौ.च्या वाटेत येतात, पदर अडकतो, म्हणून तिथल्या तिथे छाटल्या. कंबर धरली आहे.

गोदाबाई माळीण फुलांची परडी आणि सशांसाठी गवताचा भारा घेऊन आली. आठ वर्षं झाली, गल्लीतल्या सगळ्या देवघरांत तिचीच फुलं. आमच्या पायरीवर मात्र ती टेकते, कुमुदशी अर्धा तास बोलणं चालतं. आज सांगत होती, "ओलं गवत एकदम टाकू नोको बाई, पोट फुगते त्यायचं. सावलीत पसरून ठेव. उद्या दे." कुमुद मान डोलावत होती. माझं ऐकताना डोलावत नाही.

दिवाळीत कॅम्पातले एक साहेब बदलून गेले, त्यांच्या खानसाम्यानं हे तीन ससे आणून दिले. नावं कुमुदनं ठेवली. बोंड्या, कापशी, सरकी. नऊ वर्षांच्या पोरीला सगळं कापसाचंच सुचतं.

मंगळवार ता. १०

बोंड्या गेला. कापशीही.

सकाळची शाळा. पायात जोडा घालत होतो, तेवढ्यात कुमुदची हाक. बोंड्या कुशीवर पडलेला, तोंडाखालचं गवत लाळेनं भिजलेलं. कापशी जिवंत होती पण मागचे पाय ओढत होती. उचलून घेतली. छातीवर बोट ठेवलं. काळीज चालायचं, थांबायचं, दोनतीनदा जोरात, परत थांबायचं. शाळेत गेलो नाही. दहाच्या सुमाराला कुमुदच्या मांडीवर तिनं पाय ताणले, संपलं.

सरकीला काही नाही. काल तिनं कोथिंबिरीच्या काड्यांवर पोट भरलं होतं, गवताला तोंड लावलं नसावं. पेटीच्या कोपऱ्यात अंग चोरून बसली आहे.

परसात खड्डा मी खणला. कुमुद रडली नाही. सौ. म्हणाली, "त्या गवतातच काही आलं असंल. कुठून कापून आणते कोण जाणे." मला पटलं. पटलं म्हणजे, बरं वाटलं. कुणीतरी सापडलं.

बुधवार ता. ११

गोदाबाईला मी पायरीवरच अडवलं. "रविवारी काय आणलं होतंस गवतात?"

तिला समजलंच नाही. "काय म्हंजे? हरळीच व्हती मास्तर. आपल्या वाडीतली."

"दोन ससे मेले."

परडी खाली ठेवली. "कोनते?" म्हणाली. पहिलं हे विचारलं. मी नावं सांगितली नाहीत. सौ. आतून आली. "पोरीच्या मांडीवर जीव गेला. इतकी वर्षं विश्वासानं घेतो आम्ही तुझ्याकडून."

"माय, म्या तं रोजच्यासारकंच कापलं. कावून मले बोल लावता?"

"मग काय आम्ही विष घातलं?" हे मी म्हणालो.

तिनं भाऱ्यातून मूठभर गवत उपसलं, तोंडात कोंबलं आणि आमच्यासमोर उभी राहून चावू लागली. हनुवटीवर हिरवी लाळ आली. गिळलं. "घ्या. म्या खाल्लं."

समोरच्या दारात वकीलीणबाई उभ्या होत्या. गल्लीत त्यांचा शब्द चालतो. त्यांनी सगळं पाहिलं.

सौ. म्हणाली, "उद्यापासून येऊ नको." मी आत निघून गेलो. कुमुद पडवीच्या खांबाला धरून उभी होती.

शुक्रवार ता. १३

शाळा सुटल्यावर ढोरांच्या दवाखान्यात गेलो. पेटीतला केर फडक्यात बांधून नेला होता. गवताचा दोष कुणा जाणत्याच्या तोंडून ऐकायचा होता, बाकी कशाला गेलो असेन.

तिथले म्हातारे डॉक्टर. बोटानं केर पसरला. त्यातून एक लांब अरुंद पान काढलं, तपकिरी झालेलं, मधे जाड शीर. म्हणाले, "घरात कण्हेर आहे?"

"आहे. पण कण्हेर कडू असते. जनावर तोंड लावत नाही." चौथीच्या वर्गाला वस्तुपाठात मी हेच शिकवतो.

"हिरवीला नाही लावत. वाळली की कडूपणा कमी होतो, जहर तेवढंच राहतं. चाऱ्यात मिसळली तर बैलसुद्धा खातो आणि पडतो. ससा तर एवढासा. त्याला ओकूनही टाकता येत नाही."

मी फडकं गुंडाळलं. नमस्कार केला की नाही, आठवत नाही.

शनिवार ता. १४

लिहून टाकतो.

रविवारी छाटलेल्या डहाळ्या पडवीच्या कोपऱ्यात गोणपाटावर टाकल्या. त्याच गोणपाटाच्या दुसऱ्या कडेला कुमुदनं गवत पसरलं. सोमवारी संध्याकाळी डहाळ्या उचलून मी उकिरड्यावर नेल्या. पानं झडून खाली राहिली असणार. कुमुद शेजारी खेळायला गेली होती. गवत गोळा करून पेटीत मीच टाकलं. दोन्ही हातांनी. बोंड्या उड्या मारत आला, माझ्या बोटांना त्याचं नाक लागलं.

आज दोन्ही कुंड्या परसात नेऊन फोडल्या. सौ.नं विचारलं, कावून? म्हणालो, उन्हानं गेल्या.

ते पान नाल्यात टाकलं.

सोमवार ता. १६

आज सांगायचं ठरवलं होतं. वकीलीणबाईंकडे जाऊन सरळ सांगायचं. पायात जोडा घातला, तोच त्या स्वतःच आमच्या दारात आल्या. "मास्तर, बरं झालं तुम्ही वेळीच ओळखलंत. मीही बंद केली तिची फुलं. गल्लीत सगळ्यांना सांगितलं."

मी म्हणालो, "हो का."

एवढंच म्हणालो.

गुरुवार ता. १९

मला पाहिलं की सरकी मागचा पाय पेटीच्या फळीवर आपटते. ठक्. थांबते. ठक्. सौ. गेली तर नाही, कुमुद गेली तर नाही. कुमुद म्हणाली, "बाबा, ती तुम्हालाच भिते." मी म्हणालो, माझ्या जोड्याचा आवाज होत असेल. अनवाणी गेलो. ठक्.

वर्गात फळ्यावर खडू टेकवला आणि हात थांबला. तोच आवाज. मुलं माझ्याकडे बघत होती.

मंगळवार ता. २४

वकीलीणबाईंचा नातू परवापासून ओकतो आहे. उन्हात हुंदडला, कैऱ्या खाल्ल्या. पण परवा तो गोदाबाईला रस्त्यात भेटला होता म्हणे, तिनं त्याला झेंडूचं फूल दिलं. आता ओट्याओट्यावर तेच. आधी मुकं जनावर, आता लेकरू. एकीनं 'करणी' हा शब्द काढला. सौ. पाण्याहून आली ती घागर न उतरवता सांगत होती. बोलता बोलता माझ्याकडे बघून थांबली.

"तुमचं तोंड असं कावून झालं?"

"ऊन लागलं."

रविवार ता. २९

बाजारात गोदाबाई. अकरा वाजून गेले होते, परडी भरलेलीच, झेंडू मान टाकून पडलेले. पूर्वी आठच्या आत रिकामी असायची. वळून दुसऱ्या बोळात शिरणार होतो, पण तिनं पाहिलं.

"मास्तर, पोरगी कशी हाये?"

"बरी आहे."

"रडली का ते?"

"नाही."

"रडू द्या तिले," म्हणाली. मग परडीवर ओलं फडकं सारखं करत बसली. मी तिथे उभा होतो. किती वेळ ते माहीत नाही. तोंडापर्यंत आलं होतं. एक गिऱ्हाईक मधे आलं, भाव विचारला, तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि पुढे गेलं. त्या गिऱ्हाइकाच्या मागोमाग मीही.

नातू बरा आहे. हिंडतो आहे. तरी शब्द मागे घेतला नाही कुणी.

शनिवार ता. ५ मे

गोदाबाईची वाडी तुडवली. दिवसाढवळ्या. ती बाजारात असताना कुणी जाऊन झेंडूचे वाफे, शेवंतीची रोपं उपटून फेकली, मोटेचा दोर कापला. वकीलीणबाई म्हणाल्या, असं नको होतं करायला. म्हणताना आवाजात दुःख नव्हतं.

जेवण गेलं नाही. दुपारी सौ. तांदूळ निवडत होती तिथे जाऊन बसलो आणि सगळं सांगितलं. डहाळ्या, गोणपाट, ढोरांचे डॉक्टर, पान. ती निवडत राहिली. खडे एका बाजूला, तांदूळ एका बाजूला. सूप संपलं तेव्हा म्हणाली, "कुंड्या फोडल्या तेव्हाच मला वाटलं होतं."

"मग विचारलं का नाहीस?"

"विचारलं होतं मी. तुम्ही ऊन म्हणालात. मग मला विचारायचं नव्हतं."

थोड्या वेळानं, "येऊ नको असं मी म्हटलं तिला. माझ्या तोंडून गेलं ते. तुम्ही तर आत निघून गेलात."

आणि उठता उठता, "कुमुदला कळू देऊ नका. तिला तुमच्याशिवाय कुणी खरं वाटत नाही."

बुधवार ता. ९ मे

गोदाबाईच्या नाल्याकाठच्या वाडीत गेलो शेवटी. झोपडीला कुलूप. वाफ्यांत मातीची ढेकळं आणि सुकलेली मुळं वर. पलीकडच्या वाडीतला माणूस विहिरीपाशी होता. म्हणाला, "बुढीले जवाई घेऊन गेला बाळापूरले. पोरीपाशी राहीन म्हने. जातच नव्हती. गाडीत बसली तरी मांगं पाहून राहिली व्हती." मग मला वरून खाली न्याहाळलं. "तुमी कोन?"

मास्तर आहे, एवढंच सांगितलं.

घरी आलो. पेटीजवळून जावं लागतं. ठक्.

अकोला, रविवार ता. १ जुलै

पावणेदोन महिने वहीला हात लावला नाही. मधल्या काळात बदलीचा हुकूम, बांधाबांध, इथे दोन खोल्यांचं घर. कुंडी एकही आणली नाही. घरमालकिणीनं दारात तुळस दिली आहे, तेवढीच.

इथे कुणी आम्हाला ओळखत नाही. मला वाटलं होतं, बरं वाटेल.

सरकीला आणलं. गाडीत कुमुदनं टोपली मांडीवरून खाली ठेवली नाही. पोर वाळली आहे. सशीला पाला द्यायच्या आधी एकेक काडी वेगळी करते, उजेडाकडे धरून बघते, वास घेते, मग टाकते. रोज सकाळी अर्धा तास. मी म्हणालो, एवढं कशाला? तिनं पुढची काडी उचलली.

रविवार ता. ८ जुलै

आज कुमुद माठाची भाजी निवडत बसली होती, सरकीसाठी. पान उजेडाकडे धरून म्हणाली, "बाबा, त्या दिवशी गवतात लांब पानं होती ना, तपकिरी."

माझ्या हातातलं वर्तमानपत्र तसंच राहिलं.

"मंगळवारी पहाटे मी पेटीत वाकून पाहिलं तेव्हा दिसली. बोंड्या एक चावत होता. मला वाटलं, चिंचेसारखं काही असेल. काढली नाहीत मी. परत जाऊन निजले." मग, अगदी हळू, "मी काढली असती तर कापशी तरी राहिली असती."

तीन महिने. पोरीनं तीन महिने हे एकटीनं पोटात ठेवलं. मी माझी अब्रू राखत होतो आणि ती माझ्या शेजारी पाटावर बसून जेवत होती.

सगळं सांगितलं. माझ्या हातांनी घातली, म्हणालो. तू तेव्हा घरात नव्हतीस, तुला कुठून कळणार. ती माझ्या हातांकडे बघत राहिली. मला वाटलं आता रडेल. म्हणाली,

"मग गोदामावशीला सांगितलंत?"

"नाही."

"कुणालाच?"

"तुझ्या आईला."

उठली. भाजीची चाळणी घेऊन आत गेली.

रविवार ता. १५ जुलै

बाळापूर. कुमुदला घेऊन सकाळच्या मोटारीनं. ती स्वतःहून चल म्हणाली. सौ. आली नाही, पण गोदाबाईसाठी लुगडं बांधून दिलं. वाटेत दोन्हीकडे पेरण्या झालेल्या, काळी माती, तिफणीच्या तासांत हिरव्या रेघा. कुमुद खिडकीतून बाहेर बघत होती.

घर किल्ल्याच्या बाजूला विचारत विचारत सापडलं. गोदाबाई दारात बसून दुसऱ्या कुणाच्या तरी भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. केस पार पांढरे. कुमुदला पाहून शेंगा मांडीवरून सांडल्या. "माय माय. किती वाळली." तिला जवळ घेतलं आणि पहिलं विचारलं, "सरकी हाये?"

"आहे," कुमुद म्हणाली आणि तेव्हा रडली. एप्रिलपासूनचं सगळं. गोदाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, माझ्याकडे पाहिलं नाही.

मग मी बोललो. उभ्यानंच. कण्हेर, गोणपाट, माझे हात, डॉक्टर. ससे गेले त्याच आठवड्यात मला कळलं होतं, हेही सांगितलं. तिच्या जावयानं आतून डोकं काढलं, ऐकलं, परत आत गेला.

सांडलेल्या शेंगा वेचत ती म्हणाली, "हे मले कायले सांगता मास्तर? म्या नाई केलं हे मले ठावकंच व्हतं. ज्यायले ठावूक नाई त्यायले सांगा."

"सांगतो. जातो अमरावतीला. पुढच्या रविवारीच."

"जा," म्हणाली. लुगडं घेतलं नाही. शेंगा मात्र कुमुदच्या ओच्यात घातल्या.

निघताना मागून, "अमरावतीची माती बरी व्हती. इथं झेंडू धरत नाई." ते मला म्हणाली की स्वतःशी, कळलं नाही.

रविवार ता. २२ जुलै

पाऊस. गेलो नाही.

रविवार ता. २९ जुलै

कुमुद जोडे घालून दारात उभी होती. "बाबा, आज?" शाळेचे तपासनीस उद्या येणार, वह्या तपासायच्या होत्या. तपासल्या. संध्याकाळपर्यंत सहा झाल्या.

वकीलीणबाईंचा चेहरा डोळ्यांपुढे येतो. त्या काही बोलणार नाहीत. "हो का," म्हणतील. मी म्हणालो होतो तसंच.

रविवार ता. ५ ऑगस्ट

स्टेशनपर्यंत गेलो. अमरावतीसाठी बडनेऱ्याकडची गाडी फलाटाला लागली, डब्याच्या दांडीला हात घातला. आतून कुणी म्हणालं, "या ना, जागा हाये." गाडी गेली. घरी येऊन सांगितलं, चुकली. सौ.नं माझ्या तोंडाकडे पाहिलं. कुमुदनं पाहिलंही नाही.

सरकी आता माझ्या येण्यानं पाय आपटत नाही. म्हातारी झाली असेल, किंवा सवय झाली असेल. मी मात्र पेटीपाशी थांबतो, वाट बघतो.

रविवार ता. १२ ऑगस्ट

आज कुमुदनं विचारलं नाही.

दुपारी माझ्या टेबलाशी आली, टपालाचं कार्ड ठेवलं. म्हणाली, "बाबा, पत्ता तेवढा नीट लिहून द्या. माझं अक्षर मोठं होतं, मावत नाही."

कार्डावर शिसपेनीनं, ओळी आखून:

'ती. वकीलीण काकूंस कुमुदचा साष्टांग नमस्कार. गोदामावशीच्या गवतात काही नव्हते. आमच्या घरची वाळलेली कण्हेर मी चुकून सशांना घातली. बाबांना माहीत नव्हते. मी घाबरून सांगितले नाही. गोदामावशीला परत बोलवा आणि तिची फुले घ्या. तिची वाडी नीट करून द्या.'

दोनदा वाचलं. 'मी' आणि 'बाबांना माहीत नव्हते' हे शब्द जास्त दाबून लिहिले आहेत, कार्डाच्या मागच्या बाजूला उमटले आहेत.

"हे खरं नाही," मी म्हणालो.

"माहीत आहे," ती म्हणाली. "पण मी लहान आहे. मला कुणी काही म्हणणार नाही."

सौ. आतल्या दारात येऊन उभी आहे. कुमुद ओट्यावर जोडे घालून बसली आहे. टपाल चारला निघतं, आता साडेतीन होत आले. दौत उघडी आहे. कार्ड माझ्यापुढे, पत्त्याची बाजू कोरी.

"झालं का बाबा?" बाहेरून विचारते आहे.